डेन्मार्कचे बंदर, तंजावरचे मराठे आणि शिपाई राजनायकन



युरोपात डेन्मार्क नावाचा एक लहानसा देश आहे. तेथील बंदरे फार देखणी, पाण्याच्या काठाने रंगीत घरे, जुनी गोदामे, दगडी रस्ते. हे सारे आपण पूर्वी दूरदर्शनवर पाहत होतो, आता मुलांच्या मोबाइलवर पाहतो. प्रत्यक्ष जायचे तर पासपोर्ट, व्हिसा, विमान. आपल्यासारख्या पगारदार आणि रोजंदारीच्या माणसाला या जन्मी ते जमेल असे दिसत नाही, आणि पुढच्या जन्माच्या भरवशावर राहणारे आपण नव्हेत. परंतु डेन्मार्कच्या राजाचे एक बंदर आपल्याच देशात होते, थोडेथोडके नव्हे तर सव्वादोनशे वर्षे होते, आणि तेथे रेल्वेच्या स्लीपरने जाता येते. तामिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावरील त्या गावाचे नाव तरंगंबाडी. युरोपीय लोकांच्या जिभेवर त्याचे ट्रँकेबार झाले. लाटा जेथे गातात ते गाव, असा तरंगंबाडीचा अर्थ तिकडचे लोक सांगतात.

मागच्या वर्षी आमच्या विष्णुपुरीतून आम्ही चार कुटुंबे तेथे जाऊन आलो. महिला मंडळाच्या भिशीतून वर्षभर पैसे साठवले होते. निघण्याआधी वस्तीत चर्चा झालीच. दीक्षाभूमीला जा, चैत्यभूमीला जा, बुद्धगयेला जा, हे समजते. पण तिकडे ओळख ना पाळख, भाषा कळत नाही, एवढ्या पैशात घराच्या मागच्या भिंतीला प्लास्टर झाले असते! बोलणाऱ्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. प्लास्टरही व्हायलाच पाहिजे. मात्र आपल्या मुलांनी नकाशावरचे गाव पायाने पाहावे, यालाही काही किंमत आहे की नाही? साहेबांची मुले सुट्टीत सिंगापूरला जाऊन येतात आणि शाळेत सांगतात. आपल्या मुलांनी मामाच्या गावाशिवाय काही सांगूच नये काय?

नांदेडहून सिकंदराबाद, तेथून चेन्नई. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून तंजावरकडे जाणाऱ्या गाडीने मयिलादुतुरै येथे उतरायचे. तेथून तरंगंबाडी बसने साधारण तीस किलोमीटर. भाषेची अडचण येते, पण जेवढी भीती असते तेवढी नाही. मोठ्या बहिणीला तेही अक्काच म्हणतात. आमच्या मंडळींनी बसमध्ये शेजारच्या बाईला अक्का म्हणून हाक मारली आणि पुढचे काम हातवाऱ्यांवर झाले.

आता गावाची हकिगत थोडक्यात सांगतो. डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन याच्या काळात, १६१६ साली, तेथे एक ईस्ट इंडिया कंपनी निघाली. इंग्रजांची आणि डचांची पाहून यांनीही काढली. हवे होते मिरे. ओव्हे गेडे नावाचा दर्यावर्दी सरदार १६१८ मध्ये कोपनहेगनहून निघाला आणि दीड वर्षाने सिलोनला पोहोचला. त्यांचे एक जहाज पुढे आले होते, ते पोर्तुगीजांनी कारैकलजवळ बुडवले. त्यातून जीव वाचलेली माणसे तंजावरच्या रघुनाथ नायक राजाकडे गेली आणि त्यातूनच बोलणी सुरू झाली. नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला. राजाने समुद्रकाठची ही जागा डेन्मार्कला ठरलेल्या वार्षिक खंडावर दिली. नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेले पत्र आजही कोपनहेगनमध्ये जपून ठेवलेले आहे.

त्याच सुमारास किल्ला बांधला गेला. त्याचे नाव डान्सबोर्ग, म्हणजे डेन लोकांचा किल्ला. अगदी समुद्राला लागून, पिवळसर रंगाचा, बुटका. आमच्यापैकी एका मुलाने कंधारचा किल्ला पाहिला होता. तो लगेच म्हणाला, हा तर कंधारच्या पासंगालाही पुरत नाही! खरे आहे. हा किल्ला लढण्यापेक्षा माल साठवण्यासाठी बांधलेला. खालच्या मजल्यावर कोठारे, दारूगोळा आणि कोठडी; वर अधिकाऱ्यांचे राहणे. आता तेथे राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. चिनी मातीची भांडी, भाले, जुने कागद असे काही काही मांडलेले आहे. मुलांना सर्वांत जास्त आवडली ती कोठडी. सर्वच मुलांना सर्वच किल्ल्यांत कोठडीच आवडते.

या किल्ल्याची एक गोष्ट मात्र मुलांनी कान देऊन ऐकली. सतराव्या शतकात डेन्मार्क आपल्याकडच्या युद्धांत एवढा अडकला की पंचवीसहून अधिक वर्षे तेथून एकही जहाज इकडे आले नाही. पगार नाही, पत्र नाही, हुकूम नाही. बरोबरचे एकेक मेले किंवा निघून गेले. एस्किल्ड नावाचा एक साधा माणूस स्थानिक लोकांच्या मदतीने किल्ला धरून बसला. पोटासाठी त्याने बंगालच्या उपसागरातली जहाजेही लुटली. १६६९ मध्ये शेवटी जहाज आले, तेव्हा किल्ल्यावर निशाण होतेच. कार्यालयात तीन महिने पगार लांबला तर आपण काय बोलतो, हे आठवून आम्ही कारकून मंडळी हसलो.

मराठी माणसाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावर घेतले. म्हणजे त्यानंतर डेन्मार्कची ही मंडळी भोसल्यांची कुळे झाली! खंड तंजावरला भरायचा. १६९९ मध्ये व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांच्या फौजेने तरंगंबाडीला वेढाही घातला होता. इंग्रजांनी मद्रासहून मदत पाठवली म्हणून गाव वाचले. मराठ्यांचे हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. मोडी कागदपत्रांचे ढीग आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी लेख आहे. तामिळ मुलुखात दगडावर आपली मराठी वाचायला मिळते. आमच्या सातवीतल्या मुलीने बोट फिरवत चार ओळी लावल्या आणि आजूबाजूची तामिळ माणसे तिच्याकडे पाहत राहिली.

तरंगंबाडी एका दिवसात पायी पाहून होते. गावात शिरताना १७९२ साली बांधलेली वेस लागते, पांढरी, वर डेन्मार्कच्या राजाचे चिन्ह. तेथून सरळ समुद्राकडे जाणारा रस्ता म्हणजे राजरस्ता, किंग स्ट्रीट. दोन्ही बाजूंना जुन्या कोठ्या, शाळा आणि दोन चर्च. समुद्राकाठी मासिलामणिनाथ हे १३०६ साली पांड्य राजाने बांधलेले शिवमंदिर आहे, त्याचा पुढचा बराच भाग समुद्राने खाल्ला. समुद्राचे आणि या गावाचे नाते तसे सोपे नाही. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी येथेही आली. मच्छीमारांच्या वस्तीतली माणसे, लेकरे गेली. किनाऱ्यावर जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने हाताने पाणी किती उंच आले ते दाखवले. आमच्याबरोबरच्या वहिनी मूळच्या औशाकडच्या. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट त्यांनी लहानपणी पाहिलेली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी त्या बराच वेळ शेजारी बसून राहिल्या.

आता दोन चर्चकडे येतो, कारण मला जे सांगायचे आहे ते तेथे आहे.

रस्त्याच्या एका बाजूचे झायन चर्च १७०१ सालचे. ते डेन्मार्कच्या व इतर गोऱ्या लोकांसाठी होते. किल्ला बांधून ऐंशी वर्षे झाली तरी येथील माणसांशी धर्माचे दोन शब्द बोलावेत असे कंपनीला वाटले नव्हते. तिला मिऱ्याशी आणि कापडाशी काम. पुढे चौथा फ्रेडरिक राजा झाला. त्याने दोन तरुण जर्मन धर्मोपदेशक पाठवले, बार्थोलोमियस झिगेनबाल्ग आणि हाइनरिश प्लुत्शाउ. ९ जुलै १७०६ रोजी ते येथे उतरले. झिगेनबाल्ग तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा. कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते नकोसेच होते.

या झिगेनबाल्गची एक गोष्ट मला फार आवडते. त्याला तामिळ शिकायचे होते. त्याने गावच्या एका वृद्ध पंतोजींना विनंती करून त्यांची शाळाच आपल्या घरी भरवली आणि स्वतः लहान मुलांच्या रांगेत खाली बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवली. युरोपातून राजाच्या हुकमाने आलेला गोरा माणूस जमिनीवर बसून दुसऱ्याची भाषा शिकतो, ही साधी गोष्ट नाही. १७०७ मध्ये त्याने मुलामुलींच्या शाळा सुरू केल्या. मुलींची शाळा, १७०७ मध्ये! जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात १८४८ मध्ये शाळा काढली त्याच्या १४१ वर्षे आधी. कोणी यावरून फुल्यांना लहान करू लागले तर त्याला एवढेच सांगावे की एकाच्या पाठीशी राजा आणि परदेशचा पैसा होता आणि हेतू धर्मप्रसाराचा होता. दुसऱ्याला स्वतःच्या बापाचे घर सोडावे लागले होते. पण झिगेनबाल्गचे श्रेयही नाकारण्याचे कारण नाही. एका न्हाव्याच्या विधवेच्या कर्जाच्या भांडणात त्याने तिची बाजू घेतली, त्यावरून वाद वाढला आणि किल्ल्याच्या अधिकाऱ्याने त्याला चार महिने कोठडीत ठेवले. ही हकिगत मी मुलांना कोठडीसमोरच सांगितली.

त्याने छापखाना आणला. १७१२-१३ मध्ये इंग्लंडहून यंत्र व जर्मनीहून तामिळ खिळे आले, १७१५ पर्यंत बायबलचा नवा करार तामिळमध्ये छापून झाला. शेजारच्या पोरैयारला कागदाचा कारखानाही काढला. १७१८ मध्ये येथील ख्रिस्ती लोकांसाठी दुसरे मोठे चर्च बांधले, त्याचे नाव न्यू जेरुसलेम. दर्शनी बाजूला राजा फ्रेडरिकचा मुकुट आणि नावाची अक्षरे आहेत. पुढच्याच वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी झिगेनबाल्ग वारला. त्याच चर्चमध्ये त्याची कबर आहे.

त्या राजमुकुटाबद्दल दोन शब्द. धर्मोपदेशक पाठवणाऱ्या याच राजसत्तेची जहाजे आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून भरून वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांवर नेत होती. अटलांटिकमधला हा व्यापार बंद करण्याचा हुकूम डेन्मार्कने १७९२ मध्ये काढला आणि तो १८०३ पासून लागू झाला. इतर युरोपीय देशांच्या आधी काढला, हे खरे. तोवर काय चालले होते, हेही खरे.

आता राजनायकन. तो परैयर समाजातला. परैयर म्हणजे तामिळ मुलुखातील आपले लोक म्हणा. गावाबाहेर वस्ती, शेतावर राबणूक, सावलीचा विटाळ. राजनायकन तंजावरच्या भोसले राजाच्या फौजेत शिपाई होता. वाचता येत होते. तरंगंबाडीत छापलेले पुस्तक त्याच्या हाती पडले, ते त्याने वाचले, आणि १७२० च्या दशकात तो आणि त्याच्या घरची माणसे तरंगंबाडीच्या मिशनकडे आली. पुढे तो उपदेशक झाला. तंजावरच्या मुलुखात गावोगाव फिरून त्याने मंडळ्या उभ्या केल्या. युरोपीय धर्मोपदेशकांना त्या राज्यात सहज फिरता येत नव्हते. खरे काम राजनायकनसारख्या माणसांनी केले. चाळीसहून अधिक वर्षे त्याने ते केले.

१७३३ मध्ये तरंगंबाडीच्या मिशनने पहिल्यांदा एका भारतीयाला पाळकपदाची दीक्षा दिली. त्याचे नाव आरोन, जातीने वेल्लाळ, म्हणजे प्रतिष्ठित शेतकरी जात. काही वर्षांनी दुसरा पाळक नेमायची वेळ आली तेव्हा राजनायकनचे नाव पुढे आले. त्याच्या कामाविषयी, चारित्र्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. तरीही त्याला दीक्षा मिळाली नाही. का? तर त्याच्या हातून प्रसाद, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, वरच्या जातीतून आलेले ख्रिस्ती घेणार नाहीत आणि त्या विधीचीच किंमत कमी होईल, म्हणून! हे कोण्या पंचायतीने ठरवले नाही. देवापुढे सर्व माणसे सारखी असे सांगण्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या विद्वान माणसांनी ठरवले. १७४१ मध्ये पुन्हा एका वेल्लाळालाच पाळक केले. राजनायकन उपदेशक म्हणूनच १७७१ मध्ये वारला.

त्या सुंदर चर्चमध्येही बसण्याच्या जागा जातीप्रमाणे वेगळ्या होत्या. चर्चचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा, त्यामुळे वेगवेगळ्या बाजूंना लोकांना बसवणे सोयीचे. वेल्लाळ वगैरे जातींतून आलेले एकीकडे, परैयर दुसरीकडे. एकच छप्पर, एकच प्रार्थना, एकच पुस्तक.

मी हे ख्रिस्ती बांधवांना हिणवण्यासाठी लिहीत नाही. आपल्याकडेही ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांनी या गोष्टी भोगल्या आहेत. आणि ज्यांचे घर काचेचे आहे त्यांनी जपून बोलावे. आपल्यातही लग्न जमवताना पोटजात, सोयरीक, कोण कुठल्या तालुक्याचा हे विचारणारे कमी नाहीत. मला वाटते ते असे, की जातीला समुद्र आड येत नाही आणि नवे देऊळ बांधल्यानेही ती बाहेर राहत नाही. तिला हाताला धरून बाहेर काढावे लागते, आणि तसे करताना काही लोक निघून जातील ही तयारी ठेवावी लागते. तरंगंबाडीच्या त्या चांगल्या माणसांनी ती तयारी ठेवली नाही. माणसे टिकावीत म्हणून त्यांनी राजनायकनला थांबवले. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि नंतर एकवीस वर्षे घेतली, ती उगीच नव्हे. कोणत्या दारातून आत गेल्यावर पुन्हा मागच्या रांगेत बसावे लागेल, हे त्यांनी नीट तपासले होते.

त्सुनामीनंतरची एक गोष्ट येथेच सांगतो. तरंगंबाडी तेव्हा नागपट्टणम जिल्ह्यात होते. आता ते मयिलादुतुरै जिल्ह्यात येते. २००५ च्या जानेवारीत त्या नागपट्टणम भागातील मदत छावण्यांत दलितांना वेगळे ठेवले जाते, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला जात नाही, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून आल्या होत्या. लाटेने कोणाची जात विचारली नव्हती. राजनायकनच्या काळापासून अडीचशे वर्षांनंतरची ही हकिगत.

आम्ही न्यू जेरुसलेममध्ये जाऊन बाकांवर बसलो. चारही कुटुंबे, मुलांसकट, अगदी पुढे. कोणी काही विचारले नाही. आत गारवा होता, मुले पाय हलवत बसली. तेथे भेटलेल्या एका गृहस्थांनी मोडक्या हिंदीत राजाचे, झिगेनबाल्गचे, छापखान्याचे सगळे सांगितले, मोठ्या आपुलकीने सांगितले. मी राजनायकनविषयी विचारले तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, तुम्ही कुठले? नांदेड म्हटल्यावर त्यांना गुरुद्वारा ठाऊक होता. मग ते स्वतःहून आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आले. राजनायकनबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

डेन्मार्कचे पुढे काय झाले? इंग्रजांपुढे त्यांचा व्यापार टिकला नाही. १८४५ मध्ये त्यांनी तरंगंबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकली. गावे, माणसे, चर्च, सगळे मिळून साडेबारा लाख. १८६१ मध्ये रेल्वे नागपट्टणमला आली, बंदराचा धंदा तिकडे गेला आणि तरंगंबाडी आहे तेथेच राहिले. म्हणून तर जुने घर आणि जुना रस्ता अजून पाहायला मिळतो. जेथे भरभराट होते तेथे जुने काही उरत नाही.

श्रीरामपूरचे नाव आले म्हणून सांगतो. हे हुगळी नदीकाठचे, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे. इंग्रजांची कंपनी आपल्या हद्दीत मिशनऱ्यांना राहू देत नव्हती म्हणून विल्यम कॅरी १८०० मध्ये डेन्मार्कच्या या गावात राहायला गेला. तेथील डॅनिश गव्हर्नरने त्याला आसरा दिला. त्या छापखान्यात १८०५ मध्ये कॅरीचे मराठी भाषेचे व्याकरण छापले गेले आणि १८१० मध्ये मोडी अक्षरात मराठी शब्दकोश. त्याच्या मदतीला वैजनाथ पंडित नावाचे मराठी गृहस्थ होते. मराठीतली ही सुरुवातीची छापील पुस्तके पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे, श्रीरामपुरात निघाली! त्याच सुमारास तंजावरला सरफोजी राजांनीही देवनागरी छापखाना चालवला. या सरफोजींचा सांभाळ लहानपणी तरंगंबाडीहून आलेल्या श्वार्ट्झ नावाच्या धर्मोपदेशकाने केला होता. म्हणजे एका टोकाला तरंगंबाडी आणि दुसऱ्या टोकाला आपण वाचतो ती छापील मराठी, यांच्यामध्ये धागा आहे. आपल्यापैकी किती घरांत आजोबांना अक्षरओळख नव्हती आणि आज घरात साप्ताहिक येते! छापलेल्या कागदाची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार? राजनायकनही छापलेल्या कागदानेच हलला होता.

बौद्ध कुटुंबांनी या प्रवासात आणखी दोन ठिकाणे चुकवू नयेत. तरंगंबाडीच्या दक्षिणेला कारैकल, त्यापुढे नागपट्टणम. तेथे सुमारे १००६ साली, राजराज चोळाच्या काळात, समुद्रापलीकडच्या श्रीविजय देशाच्या राजाने चूडामणी विहार बांधवला होता. गाव मोठे बंदर होते, परदेशचे बौद्ध व्यापारी आणि भिक्षू उतरायचे. विहारापैकी आज पाहण्यासारखे काही उभे नाही. शेवटचा विटांचा मनोरा १८६७ मध्ये पाडला गेला. परंतु १८५६ पासून तेथे जमिनीतून बुद्धाच्या ब्राँझच्या मूर्ती सापडत गेल्या, तीनशेहून अधिक. त्यांपैकी बऱ्याच चेन्नईच्या एग्मोर येथील सरकारी संग्रहालयात आहेत. परतीला गाडी बदलायला तुम्हाला एग्मोर स्टेशनवर यायचेच आहे, संग्रहालय तेथून जवळ आहे. त्याच संग्रहालयात अमरावतीच्या स्तूपाची शिल्पेही आहेत. आमच्या सौ.नी तेथे एका वीतभर उंचीच्या बुद्धमूर्तीसमोर चप्पल काढली. पहारेकरी हसला, पण अडवले नाही.

आणि हे चेन्नई म्हणजेच पंडित अयोथी दास यांचे मद्रास. परैयर समाजातला हा विद्वान वैद्य. १८९८ मध्ये त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, शाक्य बुद्धिस्ट सोसायटी स्थापन केली आणि १९०७ पासून एक पैशाचे तामिळ साप्ताहिक चालवले. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे आधी! राजनायकनच्या लोकांना मागच्या रांगेतून उठून दुसरे दार शोधायला सव्वाशे वर्षे लागली, पण त्यांनी ते शोधले.

जाण्याविषयी काही सूचना. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस असतो, वादळेही येतात. एप्रिल-मेची घामाची उकड लहान मुलांना सोसत नाही. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. तरंगंबाडीत जुन्या बंगल्यांची हॉटेले आपल्या खिशाची नाहीत. मयिलादुतुरै किंवा कारैकलला साधी लॉज मिळते, तेथे मुक्काम करून सकाळच्या बसने जावे. जेवण केळीच्या पानावर, भात पोटभर वाढतात, भाकरीची आठवण तिसऱ्या दिवशी येते. आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बरोबर नेल्या होत्या, त्या चौथ्या दिवशी संपल्या. किनाऱ्यावर मुलांना पाण्यात फार पुढे जाऊ देऊ नका. विष्णुपुरीच्या धरणाचे पाणी पाहून समुद्र समुद्र म्हणणाऱ्या आमच्या पोरांना पहिल्याच लाटेने आडवे केले. मराठी शिलालेख पाहायचा असेल तर तंजावरसाठी एक दिवस वेगळा काढा. मयिलादुतुरैहून गाडीने दीड-दोन तास.

पुढच्या लेखात नालासोपाऱ्याचा स्तूप. तेही एकेकाळचे बंदरच, आणि त्यासाठी मुंबईच्या पुढे लोकलचे तिकीट पुरते.